दोन दारांचा संसार

अँटवर्प, बेल्जियम
१४ जून १९९७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणते आहे. पण इथे आलेल्या माणसाला आधी सरकारला लिहावं लागतं आणि मग आईला. रागावू नकोस.

ओकाय विमानतळावर घ्यायला आला होता. तुम्ही सगळ्यांनी बजावलं होतं तशी मी रडले नाही. तोच रडला. नऊ वर्षांचा असताना त्याच्या आईने त्याला हॉलंडला नेलं, तिथलाच नागरिक झाला, पण रडतो मात्र अगदी आपल्या बुकोमच्या माणसांसारखा, बाहीला नाक पुसत.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, एक दार, एक किल्ली. तुला आठवतं, मी शाळेत असल्यापासून तुझ्याशी भांडत आले की लग्न झालेल्या माणसांनी वेगवेगळ्या घरांत राहायचं, हा आपला कसला रिवाज? तू, आजी आणि मावश्या बायकांच्या घरात. बाबा आणि काका गल्लीपलीकडे पुरुषांच्या घरात. आणि संध्याकाळी डोक्यावर जेवण घेऊन बायको नवऱ्याच्या दारात. विद्यापीठात मैत्रिणींना हे सांगायची मला लाज वाटायची. त्यांना वाटायचं, माझ्या आईला टाकलं आहे. आता बघच, एका छपराखाली संसार करून दाखवते.

तू ज्या कार्डाची काळजी करत होतीस ते अजून मिळालेलं नाही. सध्या तात्पुरता कागद आहे. ओकाय हॉलंडचा नागरिक असून नोकरीसाठी बेल्जियममध्ये राहतो. युरोपातला माणूस असा शेजारच्या देशात राहिला की त्याच्या बायकोलाही तिथे राहायचा हक्क मिळतो. मात्र लग्न खरं हवं. कार्डासाठी खोटी लग्नं लावणारे इतके निघाले की आता पोलीस कधीही येऊन बघतात, दोघं नांदतात की नाही. येऊ देत. आपल्याला कसली भीती?

कार्ड हातात पडलं की मी सुईणींच्या शाळेत जाणार आहे. तिथल्या मुख्य बाईंना भेटूनही आले. त्यांनी माझी पदवी पाहिली आणि म्हणाल्या, कार्ड आणा, जागा देते. आपल्या गल्लीत किती बाया अजून चटईवर बाळंत होतात आणि त्यातल्या किती उठत नाहीत, हे मी त्यांना सांगत बसले. त्यांना काम होतं, पण ऐकत राहिल्या.

बाबांना नमस्कार. तुझा राग आणि लोभ, दोन्ही इथवर येऊ दे.

तुझी,
शोर्मे


बुकोम, अक्रा, घाना
९ जुलै १९९७

चि. शोर्मेस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी एकटीने वाचलं आणि मग अंगणात मोठ्याने वाचलं. केंकीच्या आंबवलेल्या पिठाचे उंडे मक्याच्या पानांत बांधता बांधता सगळ्या ऐकत होत्या. ओकाय रडला तिथे तुझी फोफो मावशी म्हणाली की बरं झालं, रडणारा नवरा हात उगारत नाही. तिला तीन नवऱ्यांचा अनुभव, म्हणून कोणी वाद घातला नाही.

एका छपराखाली राहतेस, सुखाने राहा. पण घरातली पहिली पदवीधर झालीस म्हणून आम्हाला अडाणी ठरवू नकोस. आपल्या बुकोममध्ये घरटी एक मुष्टियोद्धा. त्या मुलांनासुद्धा फेरी संपली की आपापल्या कोपऱ्यात जाऊन बसू देतात, तोंडावर पाणी मारू देतात. तुमच्या एका दाराच्या संसारात कोपरा कुणाचा कुठला?

मी जेवण घेऊन जाते तेव्हा तुझे बाबा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून दारात उभे असतात. दिवसभर मासळीच्या होडीवर असलेला माणूस! एका घरात राहणाऱ्या किती नवऱ्यांनी बायकोसाठी अशी आंघोळ केलेली तू पाहिलीस, ते मला तुझ्या विद्यापीठातून शोधून सांग.

चेष्टा पुरे. एक गोष्ट मला झोपू देत नाही. ते कार्ड तुला नवऱ्यामुळे मिळणार. मग उद्या भांडण झालं तर तू कुठे जाशील? माझं तुझ्या बाबांशी बिनसलं तर माझं घर आहे, माझी चूल आहे, बहिणी आहेत. तुझं तिथे काय आहे?

उत्तर लिही. थंडीत डोकं झाक. आम्हा सगळ्यांची माया पाठीशी समज.

तुझी आई,
आयेले


अँटवर्प
१८ नोव्हेंबर १९९७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला इतके महिने लागले, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ओकाय रात्रपाळीला बंदरावर जातो आणि दिवसा झोपतो. मी दिवसभर मांजरीसारखी वावरायचे. मिरची कुटायची नाही, नळ जोरात सोडायचा नाही, गुणगुणायचं नाही. तो उठायचा तेव्हा मी वैतागलेली असायचे. बोलणं व्हायचं ते मोजे कुठे ठेवलेस आणि दूध संपलं का, एवढंच. एकदा मिरची भाजल्याचा धूर झाला आणि तो ओरडला. मीही ओरडले. मग मी शाल गुंडाळून बाहेर पडले आणि रस्त्यात उभी राहून तुझं पत्र आठवलं. कोपरा नव्हता.

त्याची कोर्कोई आत्या जवळच राहते. वडिलांची थोरली बहीण, बरोबर आपल्याकडच्याच दोन विधवा बायका. दार उघडताच आत्या म्हणाल्या की किती उशीर केलास, आम्ही तर तुझी पहिल्या महिन्यापासून वाट बघतोय. एक दिवस राहिले, मग आठवडा. हळूहळू माझे कपडेही तिकडे गेले. आम्ही चौघी मिळून मिरची कुटतो, गातो, भांडतो.

आणि संध्याकाळी मी ओकायकडे जेवण घेऊन जाते. हसू नकोस. हसतेस ना? तो दाढी करून, शर्ट घालून वाट बघत असतो. त्याला हे कोणी शिकवलं नाही. तो कामाला निघेपर्यंत आम्ही खिडकीशी बसतो. आई, लग्न झाल्यापासून आम्ही इतकं बोललोच नव्हतो. सुटीच्या दिवशी मी तिथेच राहते. तुझ्याशी घातलेले सगळे वाद मी हरले आहे आणि मला त्याचं काहीच वाटत नाही.

पण वाटायला हवं होतं. गेल्या आठवड्यात सकाळीच पोलीस आला. ओकाय झोपेतून उठून दार उघडायला गेला. कपाटात माझा एकही कपडा नाही, न्हाणीघरात एकच टूथब्रश. पोलिसाने खालच्या मजल्यावरच्या ख्रीतबाईंना विचारलं. त्या बिचाऱ्या जे दिसतं तेच बोलल्या: एक आफ्रिकन मुलगी संध्याकाळी भांडं घेऊन येते, थोडा वेळ थांबते आणि जाते. स्वभावाने चांगली आहे, असंही वर म्हणाल्या. मी त्याची बायको नाही, स्वयंपाकीण आहे किंवा त्याहून काही वाईट, असा पोलिसाने समज करून घेतला. मला ते कळलं तेव्हा माझी कानशिलं तापली.

आता पुढच्या महिन्यात आम्हाला बोलावलं आहे. दोघांना वेगवेगळं बसवून विचारणार. लग्न खोटं आहे असं त्यांनी ठरवलं तर मला देश सोडावा लागेल. कार्ड नाही, शाळा नाही आणि ओकायही नाही.

आत्या म्हणतात की मी आजारी होते आणि तू माझी सेवा करत होतीस असं सांग. त्यांनी कण्हून दाखवलं, इतकं हुबेहूब की शेजारीण औषध घेऊन धावत आली. सगळे हेच म्हणतात. पण लग्न खरं असताना खोटं का बोलायचं? ज्या गोष्टीची लाज वाटायची तिचीच आता बाजू घ्यावीशी वाटते, तर ती खोट्याने कशी घेऊ? जेवताना, चालताना डोक्यात हेच घोळतं. तू काय ते सांग.

उत्तराची वाट बघणारी आणि तुझ्या मायेवर जगणारी,
शोर्मे


बुकोम, अक्रा
६ डिसेंबर १९९७

चि. शोर्मेस,
अनेक आशीर्वाद.

हो, हसले. पोलिसापर्यंत वाचलं आणि मग हसू गेलं.

ऐक. आजच्या आज कपडे उचल आणि त्याच्या कपाटात नेऊन लाव. ख्रीतबाईंना रोज सकाळी जिन्यात दिसशील असं बघ, केर टाक, पाणी भर, काहीही कर. आणि आत्याबाई आजारी होत्या म्हणून सांग. खोटं बोलून जीभ झडत असती तर आपल्या बाजारात एकीच्याही तोंडात जीभ उरली नसती. कार्ड मिळालं की राहा हवं तिथे.

तुझ्या बाबांना विचारलं. ते जाळं सांधत होते. मान वर न करता म्हणाले की तिला खरं सांगायला सांग. मी चिडले. म्हटलं, तुमचं काय जातंय, हाकलून देतील तिला. तर म्हणाले, आपण असे राहतो हे लपवायचं झालं, तर तू आणि मी इतकी वर्षं काय करत होतो? मी जेवण आपटून आले.

तू माझं ऐक, त्यांचं ऐकू नकोस. आणि ऐकलंस कुणाचंही तरी ओकायशी आधी ठरव. दोघांच्या तोंडी एकच गोष्ट येऊ दे.

पत्र लवकर पोचो म्हणून देवाला सांगते आहे. जिवाला जप.

तुझी आई


अँटवर्प
२५ जानेवारी १९९८

ती. सासूबाईंस,
ओकायचा साष्टांग नमस्कार.

आपल्या भाषेतलं माझं लिहिणं लहान मुलासारखं आहे. चुका पोटात घालाव्या. एक चूक मात्र पोटात घालण्याएवढी लहान नाही, तीच सांगायला लिहितो आहे.

तुमचं पत्र मुलाखत झाल्यावर पोचलं. आदल्या दिवशी शोर्मे म्हणाली की आपण सगळं खरं सांगायचं. मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. दुसऱ्या दिवशी आम्हाला दोन खोल्यांत बसवलं. समोरच्या माणसाने विचारलं, तुमची बायको तुमच्या घरी राहते का. तो माझ्याच वयाचा होता. मला माझे इथले मित्र आठवले, हे ऐकून ते काय म्हणतील ते आठवलं. मी म्हटलं, हो, राहते. आत्या आजारी होती म्हणून तेवढी तिकडे गेली होती.

त्याच वेळी पलीकडच्या खोलीत तिने खरं सांगितलं. तुमच्याबद्दल, बाबांबद्दल, तुमच्या दोन घरांबद्दल. तिला वाटत होतं, मीही तेच सांगतो आहे.

आमची उत्तरं जुळली नाहीत, म्हणून लग्न खोटं ठरलं. या आठवड्यात नकार आला. पुनर्विचारासाठी अर्ज केला आहे. तीन माणसांची समिती आमचं म्हणणं ऐकेल. तोवर तिला राहू देतील. तिथेही नाही म्हणाले तर तिला जावं लागेल.

ती माझ्याशी बोलत नाही. जेवण रोज येतं. भांडं दारात ठेवते आणि पायऱ्या उतरते. मी रोज दाढी करून उभा असतो. ती एकदाच बोलली. म्हणाली की पोलिसाने माझ्याबद्दल जो समज करून घेतला, तो पुसायची वेळ आली तेव्हा तुला माझी लाज वाटली.

बाबा असल्या वेळी काय करतात, ते मला कळवाल का? मला विचारायला दुसरं कोणी नाही. माझे वडील गेले तेव्हा मी लहान होतो.

तुमच्या मायेचा हक्क अजून राहिला असेल तर तो मागणारा,
ओकाय


अँटवर्प
२२ एप्रिल १९९८

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तू ओकायला काय उत्तर लिहिलंस ते तो मला दाखवत नाही. पण तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो रिकामं भांडं घासून, पुसून आत्यांकडे घेऊन आला. मग रोजच यायला लागला. आत्या त्याला म्हणाल्या की भांडं लखलखीत झालंय, अक्कल अजून खरकटीच आहे. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मी किती दिवस गप्प राहणार? एके दिवशी हसू आलं आणि सगळं फिसकटलं.

काल समितीपुढे उभे राहिलो. आमच्या वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं की नवरा-बायकोने सतत एकाच छपराखाली राहावं असं कायदा म्हणत नाही. लग्न खरं असावं आणि कार्डासाठी केलेलं नसावं, एवढंच. पण खोटं बोललेल्या नवऱ्याचं लग्न खरं आहे, हे पटवायचं कसं?

या वेळी एकाच खोलीत बसवलं. मधे बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ओकायला विचारलं की आधी खोटं का सांगितलंत. तो म्हणाला, लाज वाटली. कशाची, असं विचारल्यावर म्हणाला की माझ्या सासऱ्यांना ज्या गोष्टीची कधी वाटली नाही, तिची. मग त्यांनी विचारलं की बायकोवर इतकं प्रेम आहे तर तिला आपल्या घरी का ठेवत नाही.

आई, मी जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, संपलं. तो म्हणाला की एका घरात होतो तेव्हा ती नुसती असायची. आता ती रोज येते.

लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि आणखी काही विचारलं नाही. याचा अर्थ चांगला की वाईट, ते वकीलबाईंनाही सांगता येत नाही. निकाल पोस्टाने येईल.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. पेटी भरावी की उघडावी ते कळत नाही. आत्या म्हणतात, दर तासाला जिन्यावरून खाली धावलीस म्हणून पोस्टमन लवकर येत नाही. शाळेच्या बाईंनी माझी जागा उन्हाळा संपेपर्यंत राखली आहे. कार्ड मिळालं तर ठीक. नाहीतर त्याच उन्हाळ्यात मी तुझ्यासमोर उभी असेन. कधी कधी, खरं सांगू, तेही बरं वाटतं. मग पुन्हा त्या चटईवरच्या बाया आठवतात.

बाबांना सांग, पत्र पोचण्याआधीच मी त्यांचंच ऐकलं होतं. तू रागावणार नाहीस हे ठाऊक आहे म्हणून लिहिते.

तुमची दोघांची,
शोर्मे


अँटवर्प
१५ मे १९९८

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, कार्ड मिळालं!

आज एवढंच लिहिते. आमचं लग्न खरं आहे, असं त्यांनी मान्य केलं. पाच वर्षांचं कार्ड आहे. माझा पत्ता म्हणून आत्यांचं घर लावलं आहे आणि तो पत्ता बघून कचेरीतल्या बाईंनी भुवयासुद्धा उचलल्या नाहीत. दुपारी लगेच सुईणींच्या शाळेत जाऊन नाव घातलं. सप्टेंबरपासून तीन वर्षं. ओकाय जिन्यात बसून पुन्हा रडला. ख्रीतबाईंनी त्याला रुमाल दिला आणि माझी माफी मागायला लागल्या. मी त्यांना आत्यांकडे जेवायला बोलावलं आहे.

आता मला इथून कोणी हलवू शकत नाही. सगळ्यांना सांग, ओरडून सांग!

आनंदाने वेडी झालेली,
शोर्मे


बुकोम, अक्रा
२९ मे १९९८

चि. शोर्मेस,
अनेक आशीर्वाद.

पत्र सकाळी आलं. सणाआधीची ढोलबंदी चालू आहे, नाहीतर आम्ही गल्ली डोक्यावर घेतली असती. तरी फोफोने तोंडावर पदर दाबून जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडून घेतलं. जिथे तिथे तुझंच नाव. केंकीच्या चुलीवरची बाईसुद्धा गिऱ्हाइकांना सांगत होती की आमच्या शोर्मेला तिकडच्या राजाने कार्ड दिलं. मी चूक सुधारली नाही.

कोणीतरी किनाऱ्यावर जाऊन तुझ्या बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं, संध्याकाळी जेवण घेऊन जाईन तेव्हा वाचून दाखवीन. पण ते भर दुपारी आमच्या अंगणात आले. अंगाला खवले चिकटलेले, पाय वाळूने भरलेले. लग्नाच्या बोलणीला वडीलधाऱ्यांबरोबर आले होते, त्यानंतर या अंगणात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. बाया कामं सोडून बघत राहिल्या. ते म्हणाले, वाच.

मी वाचलं. तू शेवटी लिहिलंस ना, की आता तुला तिथून कोणी हलवू शकत नाही, तिथे त्यांनी मला थांबवलं. पुन्हा वाचायला सांगितलं. मग विचारलं, म्हणजे ती येणार कधी? मी म्हटलं, तीन वर्षांची शाळा आहे. त्यांनी विचारलं, आणि मग? मी म्हटलं, मग तिथे नवरा आहे, नोकरी असेल, मुलं होतील. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. इतके महिने मी रोज त्या कार्डासाठी देवाला हात जोडत होते आणि आपण काय मागतोय, याचा एकदाही विचार केला नव्हता.

हे तुला रडवायला लिहीत नाही. तू शीक. बाबाही तेच म्हणाले. म्हणाले की तिने खरं सांगून मिळवलंय, आता त्याला आपलं रडणं चिकटवू नकोस. तरी मी लिहितेच आहे, कारण तूच म्हणतेस की खोटं का बोलायचं.

मी त्यांना स्टूल दिलं. ते बसले. फोफो कधी कुणाला सोडत नाही, पण तिनेही उठून त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. मी उंडे बांधत होते, ते पानं पुसून देत होते. ऊन कललं, बायांनी चुली पेटवल्या, त्यांच्या घरी जायची वेळ होऊन गेली. ते उठले नाहीत. मीही जा म्हटलं नाही.

ओकायला आशीर्वाद, आत्याबाईंना नमस्कार. कार्ड जपून ठेव. लोभ आहेच.

तुझी आई,
आयेले